वंश, नासिका आणि कमाटी बाग

बडोद्याच्या कमाटी बागेत इ. स. १९१७ साली एक सव्वीस वर्षांचा तरुण मुंबईच्या गाडीची वेळ होईपर्यंत बसून राहिला होता. सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर तो १९१३ साली अमेरिकेस गेला, कोलंबिया विद्यापीठाचा एम्. ए. झाला, आणि करारानुसार संस्थानच्या नोकरीत रुजू झाला. परंतु शहरात त्यास बिऱ्हाडास जागा मिळेना. पारशी नाव धारण करून तो एका पारशी विश्रांतिगृहात राहिला. अकराव्या दिवशी काठ्या घेऊन आलेल्या जमावाने त्यास तेथून घालवून दिले. हा तरुण म्हणजे भीमराव आंबेडकर.

ज्या भेदापायी हे घडले, तो भेद देहात होता काय? देहात असता, तर केवळ नाव बदलून अकरा दिवस निभावले नसते.

तो देहातच आहे, असे त्या काळचे राज्यकर्ते शास्त्राच्या नावाने सांगत होते. १९०१ च्या खानेसुमारीचे आयुक्त हर्बर्ट रिस्ली यांनी नाकाची रुंदी लांबीशी ताडून 'नासिकांक' काढला, आणि जात जितकी उच्च तितके नाक अरुंद, असा सिद्धांत मांडला. जातिभेद म्हणजे मुळात वंशभेद, हे त्याचे तात्पर्य. आमच्यातील अनेक सुशिक्षितांस ते गोडही वाटले. राज्यकर्त्यांशी दूरचे नाते जुळत होते ना!

या सिद्धांताची झडती घेणारे एक विद्वान मालवणचे निघाले. सारस्वत कुळात जन्मलेले डॉ. गोविंद सदाशिव घुर्ये यांनी १९३२ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात रिस्लींचीच मोजमापे पुन्हा तपासली. आजच्या उत्तर प्रदेशात जातीची पायरी व नासिकांक यांचा मेळ काहीसा बसतो, हे त्यांनी प्रामाणिकपणे मान्य केले. परंतु इतर बहुतेक प्रांतांत तो बसत नाही, असे दाखविले. डॉ. आंबेडकरांनी १९३६ साली लिहिले होते की, पंजाबचा ब्राह्मण व पंजाबचा चांभार एकाच वंशाचे आहेत. पुढे १९४८ साली अस्पृश्यतेच्या उगमाचा विचार करताना त्यांनी घुर्ये यांच्याच आकड्यांचा आधार घेतला. कमाटी बागेतील प्रश्नाचे उत्तर असे मालवणच्या पंडिताच्या कोष्टकांतून मिळाले.

त्यानंतर शास्त्र पुष्कळ पुढे गेले आहे. १९७२ साली रिचर्ड लेवॉन्टिन यांनी दाखविले की, मानवांतील जनुकीय विविधतेपैकी सुमारे ८५ टक्के एकेका लोकसमूहाच्या आतच आढळते. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय जनुकांच्या अभ्यासानुसार सुमारे ४२०० ते १९०० वर्षांपूर्वी येथील भिन्न लोकसमूहांचे मोठे मिश्रण झाले. जवळजवळ प्रत्येक जातीत त्याच्या खुणा आहेत. जातीतल्या जातीत विवाहाचा कडक निर्बंध त्यानंतरचा.

यावर कोणी म्हणेल, काही जातींत विशिष्ट आनुवंशिक रोग अधिक आढळतात, त्याचे काय? आक्षेप योग्य आहे; पण त्याचा अर्थ उलट आहे. पिढ्यान्‌पिढ्या विवाहाचे कुंपण घातले, म्हणून त्या खुणा उमटल्या. देहाने रूढी घडविली नाही. रूढीने देहावर आपली मुद्रा उठविली. वंश ही समाजाची निर्मिती आहे, याचा अर्थ तिचे परिणाम खोटे असा मात्र नव्हे. विश्रांतिगृहाच्या दारातील काठ्या खऱ्याच होत्या.

आम्ही देवस्थानांशी बांधलेले लोक. कुलदेवता, गोत्र व कुलवृत्तान्त आम्हांस प्रिय आहेत, आणि असावेत; पूर्वजांनी परागंदा होतानाही आपली दैवते कशी जपली, याची ती स्मृती आहे. परंतु स्मृती निराळी आणि रक्ताच्या शुद्धतेचा दाखला निराळा. असा दाखला कोणत्याही प्रयोगशाळेत मिळत नाही. विवाह जुळविताना गोरा वर्ण व सरळ नाक पाहून 'आपल्यातली वाटते' असे जेव्हा आम्ही सहज म्हणतो, तेव्हा रिस्लीसाहेबांची मोजपट्टी आमच्याच हाती असते. ती आता खाली ठेवावी, हे उत्तम.