फाल्गुनाचा भरवसा

वसंत ऋतू नेमका कधी येतो, यावर आपल्याकडे दोन पंचांगांचे भांडण आहे, आणि नागपुरात हवामान दोघांनाही जुमानत नाही. भिंतीवर खिळ्याला टांगलेल्या पंचांगाप्रमाणे वसंत म्हणजे चैत्र-वैशाख. वैशाखात नागपुरात वसंत असतो असे म्हणणाऱ्या गृहस्थाला भर दुपारी दोन वाजता, डोक्याला दुपट्टा न बांधता, हुडकेश्वर रोडवर पाच मिनिटे उभे करावे. मत आपोआप बदलते. बरे, वसंतपंचमी म्हणावी तर ती माघात, म्हणजे ऐन शिशिरात! पाहुणा यायच्या पावणेदोन महिने आधी त्याचा सत्कार उरकून घेणारे आपणच.

हा घोळ सरकारच्याही लक्षात आला. 1952 साली पंचांग सुधारण्यासाठी समिती नेमली गेली. अध्यक्ष होते थोर शास्त्रज्ञ मेघनाद साहा. मेघनाद म्हणजे ढगांचा गडगडाट. ऋतूंच्या कामाला याहून योग्य नावाचा माणूस मिळणे कठीण. समितीने हिशेब मांडला, तेव्हा कळले की आपले पंचांग सूर्यापासून तेवीस दिवस ढळले आहे. दोषही एका माणसाचा नव्हे. साठेक वर्षांना एक दिवस, असे सुमारे चौदाशे वर्षे हप्त्याहप्त्याने साचलेले ते कर्ज. मग वसंताची बदली फाल्गुन-चैत्रात झाली आणि 22 मार्च 1957 पासून राष्ट्रीय पंचांग लागू झाले. कागदावर सगळे बरोबर झाले. फक्त ही ऑर्डर फाल्गुनापर्यंत पोचलीच नाही.

कारण आमचा फाल्गुन पाहा. सकाळी दूध आणायला जाताना स्वेटर. दुपारी माळ्यावरून कूलर काढायची चर्चा. संध्याकाळी आभाळ काळे होते, आणि रात्री पत्र्यावर कोणी गिट्टीचा ट्रक रिकामा करावा तशा गारा. घरात एकाच खोलीत पायाशी रजई आणि खिडकीत कूलर, असा शेजार फक्त याच महिन्यात दिसतो. ‘होळी जळाली, थंडी पळाली’ ही म्हण ज्याने केली तो नागपूरकर नसावा. आमचे शेजारी, ज्यांना सारा लेआउट भाऊ म्हणतो, ते दर वर्षी होळीच्या दुसऱ्या दिवशी शाल गुंडाळून म्हणतात, “पळाली म्हंते! अन् हे काय होऊन राह्यलं मंग?”

इंग्रजांनी हा प्रश्न आपल्या पद्धतीने सोडवला होता. 1861 साली मध्य प्रांत झाला, नागपूर राजधानी झाले, आणि उन्हाळा आला की साहेब लोक फायलींसकट पचमढीला पळू लागले. आपल्या हवामान खात्याचा इतिहासही थोडा असाच आहे. 1864 चे कलकत्त्याचे चक्रीवादळ आणि 1866, 1871 साली दगा दिलेला मान्सून, यातून 1875 मध्ये हे खाते जन्मले. मुक्काम आधी कलकत्ता, 1905 ला सिमला, 1928 ला पुणे, 1944 ला दिल्ली. देशाच्या मध्यावर, शून्य मैलाच्या दगडाच्या गावी मुख्य कचेरी आणावी, असे कोणालाच वाटले नाही. आम्हाला प्रादेशिक केंद्र मिळाले.

खरे तर फाल्गुनात दोन्हीकडचे वारे आमच्याच डोक्यावर भेटतात. वायव्येकडून पश्चिमी झंझावाताची थंड हवा, बंगालच्या उपसागराकडून ओलावा, आणि खाली तापू लागलेली आमची जमीन. तापलेली ओली हवा वेगाने वर चढते, उंचावर पाण्याचे थेंब गोठतात, वर-खाली हेलकावे खात जाड होतात आणि भार पेलेनासा झाला की कोसळतात. म्हणजे फाल्गुन लहरी नाही; त्याची कारणे पक्की आहेत, फक्त मुहूर्त पक्का नाही.

2013 साली हुडकेश्वर महानगरपालिकेत गेले. तोवर ते ग्रामपंचायतीचे गाव होते. आता वावरांचे प्लॉट झाले, आणि हवामान हा आमच्या गप्पांचा विषय झाला. पण उमरेड रोडने पुढे जा. याच दिवसांत भिवापूरकडे मिरचीचे सातरे लाल झालेले असतात. गहू कापणीला येतो, हरभरा खळ्यावर असतो. पलीकडे काटोल-नरखेडकडे कुठे मृग बहराची संत्री उतरायची असतात, तर कुठे आंबिया बहराची फळे नुकती धरलेली. म्हणजे गार पडली की कुणाचे यंदाचे पीक जाते, कुणाचे पुढचे.

2014 साली फेब्रुवारीच्या अखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत विदर्भ-मराठवाड्यात गारपीट झाली. पुढच्या वर्षी पुन्हा अवकाळी. तोपर्यंत पीक निम्मे गेले तरच मदत, असा नियम होता. 2015 च्या एप्रिलमध्ये ती अट तेहतीस टक्क्यांवर आली. साहासाहेबांच्या समितीने तेवीस दिवस दुरुस्त केले, त्याचे कौतुक आहेच. पण फाल्गुनाची खरी दखल सरकारी कागदाने घेतली ती या तेहतीसात, असे मला वाटते. तरीही बत्तीस टक्केवाल्याने काय करावे, हे त्यात लिहिलेले नाही.

गारा पडल्या की आमच्या लेआउटमधली पोरे वाट्या घेऊन अंगणात धावतात. गारेचे मापसुद्धा पाहा कसे सांगतात: हरभऱ्याएवढी, बोराएवढी, लिंबाएवढी. जे झोडपले जाणार, त्याचेच माप! भाऊ गारा वेचत नाहीत. त्यांच्या वावरावर आता तीन मजली इमारत आहे, तरी पहिला टपोरा पत्र्यावर वाजला की ते उमरेडकडच्या पुतण्याला फोन लावतात आणि एकच विचारतात, “तिकडं केवढी पडली रे?”