वूताय : राजधानीने गमावले ते खेड्याने राखले

चीनमधील बौद्ध धर्माचा इतिहास बहुधा राजधान्यांचा इतिहास म्हणून लिहिला जातो. लोयांग व छांगआन येथील राजविहार, सम्राटांची दाने आणि मोठ्या अनुवादमंडळांचे कार्य यांनीच त्या इतिहासाची पाने भरलेली असतात. तथापि थांग राजवंशाच्या काळात (इ. स. ६१८-९०७) छांगआन नगरीत जे असंख्य विहार होते, त्यांतील एकही लाकडी दालन आज उभे नाही. त्या काळातील ज्ञात लाकडी दालनांपैकी सर्वांत जुने आणि सर्वांत भव्य अशी दोन्ही दालने शान्सी प्रांतातील वूताय नावाच्या एका डोंगराळ ग्रामीण भागात आहेत. असे का घडले असावे, याचा विचार प्रस्तुत लेखात आम्ही करीत आहोत.

चिनी प्रशासनात 'शिएन' नावाचा एक घटक असतो. तो आपल्या तालुक्याहून बराच मोठा व जिल्ह्याहून लहान असतो. वूताय हा असा एक शिएन असून तो शान्सीच्या ईशान्य भागात आहे. 'वू' म्हणजे पाच व 'ताय' म्हणजे मंच किंवा ओटा. येथील पाच शिखरांचे माथे टोकदार नसून सपाट आहेत, म्हणून हे नाव पडले. त्यांतील उत्तरेचे शिखर ३,०६१ मीटर उंच असून ते उत्तर चीनमधील सर्वांत उंच स्थान होय. पाच शिखरांच्या मधोमध तायह्वाय नावाचे खोरे आहे. तेथून पाणी दक्षिणेकडे उतरत हूतुओ नदीला मिळते. खालच्या भागात वाऱ्याने वाहून आणलेली पिवळी माती आहे. पाऊस बेताचा, हिवाळा दीर्घ व कडक. राळा, मका, बटाटा आणि उंचावर ओट जातीचे धान्य ही येथील पिके. अशा भूमीत संपत्तीचा संचय होणे कठीण, हे उघड आहे.

हान काळात या प्रदेशाचे नाव वेगळे होते. इ. स. ६०६ मध्ये स्वी राजवंशाच्या काळात पर्वतावरून त्यास वूताय हे नाव मिळाले. तत्पूर्वीच या पर्वताची ख्याती पसरली होती. अवतंसक सूत्रात ईशान्य दिशेच्या ज्या 'शीतल' पर्वतावर मंजुश्री बोधिसत्त्वाचा वास सांगितला आहे, तो हाच होय, अशी चिनी बौद्धांची श्रद्धा दृढ झाली. पालि तिपिटकात मंजुश्रीचे नाव आढळत नाही, हे येथे नमूद केले पाहिजे. तरीही ज्या श्रद्धेने शतकानुशतके माणसे या थंड डोंगराकडे ओढली गेली, तिचे सामाजिक फलित पालिच्या अभ्यासकानेही तपासून पाहण्यासारखे आहे.

त्या फलिताची उत्तम साक्ष जपानी भिक्खू एन्निन याच्या रोजनिशीत मिळते. इ. स. ८४० मध्ये तो पायी वूतायला पोहोचला. वाटेवर ठिकठिकाणी यात्रेकरूंसाठी निवारे होते. भिक्खू असो वा गृहस्थ, येणाऱ्यास तेथे राहावयास मिळे व धान्य असेल तर जेवणही मिळे. टोळधाडीमुळे काही निवाऱ्यांत खावयास काहीच नव्हते, हेही त्याने प्रांजळपणे लिहून ठेवले आहे. वूतायच्या भोजनदानात स्त्री-पुरुष, भिक्खू-गृहस्थ, थोर-लहान असा भेद न करता सर्वांस सारखेच वाढले जाते, हे पाहून तो विशेष प्रभावित झाला. या प्रथेमागची कथाही त्याने दिली आहे. एका दात्याच्या पंगतीत एक गर्भवती भिकारीण आली व तिने पोटातील बाळाचाही वाटा मागितला. दात्याने तो नाकारताच ती मंजुश्रीच्या रूपात प्रकट होऊन निघून गेली. तेव्हापासून येथे वाढताना भेद केला जात नाही. कथा चमत्काराची असली तरी तिने घालून दिलेला नियम व्यवहारातला आहे. पात्र कोण व अपात्र कोण हे दात्याने ठरवू नये, असे ती सांगते.

एन्निनच्या भेटीनंतर पाचच वर्षांनी, इ. स. ८४५ मध्ये, सम्राट वूत्सुंग याने बौद्ध विहारांच्या विध्वंसाची आज्ञा काढली. शासकीय आकड्यांनुसार ४,६०० हून अधिक विहार व सुमारे ४०,००० लहान देवस्थाने पाडण्यात आली आणि २,६०,००० हून अधिक भिक्खू-भिक्खुणींना सक्तीने गृहस्थ करण्यात आले. वूतायमधील फोग्वांग, म्हणजे 'बुद्धप्रभा', विहाराचे दालनही त्यात नष्ट झाले. मात्र याच तालुक्यातील एका खेड्यातले नानछान विहाराचे लहानसे तीन खणांचे दालन बचावले. त्याच्या तुळईवरील लेखात इ. स. ७८२ चा उल्लेख आहे. ते इतके लहान व आडबाजूला होते, की राजाज्ञेची दृष्टी तेथवर पोहोचली नाही, असे मानले जाते. चीनमधील आज उभी असलेली सर्वांत जुनी लाकडी वास्तू ती हीच.

वूत्सुंग ८४६ मध्ये मरण पावला व धोरण पालटले. युआनछंग नावाच्या भिक्खूने फोग्वांग विहाराची पुनर्रचना हाती घेतली आणि ८५७ मध्ये सात खण रुंद व चार खण खोल असे भव्य दालन उभे राहिले. छप्पर तोलणारे त्याचे लाकडी हस्त आजही पाहणाऱ्यास स्तिमित करतात. या दानाची मुख्य दायिका होती राजधानीची उपासिका निंग गोंगयू. तिचे नाव तुळईवर शाईने लिहिलेले असून, बुद्धमूर्तींच्या ओळीला एका टोकाला तिची साध्या वेषातील बसलेली मूर्ती आहे. राजदरबारच्या कोणत्याही इतिहासाने तिला नायिका केले नाही. तिचे नाव लाकडाने जपले.

हे नाव पुन्हा वाचले गेले ते १९३७ मध्ये. चीनमध्ये थांगकालीन लाकडी वास्तू उरलीच नाही, असे त्या वेळी जपानी अभ्यासक मानीत. वास्तुविद् लिआंग स्सछंग व त्यांच्या पत्नी लिन ह्वेयिन यांना हे मान्य नव्हते. दुनहुआंग येथील ६१ क्रमांकाच्या लेण्यात दहाव्या शतकात रंगविलेले वूतायचे विशाल भित्तिचित्र आहे. त्यातील विहारांमध्ये फोग्वांगचे नाव त्यांनी वाचले होते. जूनच्या अखेरीस खेचरांवरून ते तेथे पोहोचले. वटवाघळांनी भरलेल्या माळ्यावर चढून त्यांनी मोजमापे घेतली. तुळईवरील पुसट अक्षरे प्रथम लिन ह्वेयिन यांच्या दृष्टीस पडली. अंगणातील शिलास्तंभावर तेच नाव व ८५७ हे वर्ष आढळल्याने काळ निश्चित झाला. त्यानंतर थोड्याच दिवसांत, ७ जुलै रोजी, चीन-जपान युद्धास तोंड फुटले. नानछानचा शोध लागण्यास १९५३ साल उजाडावे लागले.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. ही दालने का टिकली? कोरडी व थंड हवा हे एक कारण. दुसरे कारण आम्हांस अधिक महत्त्वाचे वाटते. दोन्ही विहार पाच शिखरांच्या वर्तुळाबाहेर आहेत. तायह्वाय खोऱ्यात राजाश्रय अखंड आला. छिंग सम्राटांनी तेथे वारंवार यात्रा केल्या. आज तेथे दिसणाऱ्या बहुतेक इमारती मिंग व छिंग काळातील आहेत. जेथे द्रव्य आले, तेथे जुने पाडून नवे बांधले गेले. जेथे द्रव्य नव्हते, तेथे जुनेच डागडुजी करून वापरले गेले. राजसत्तेचा कोप जितका घातक ठरला, जवळजवळ तितकीच तिची कृपाही जुन्या वास्तूंस घातक ठरली.

याच दुर्गमतेने युद्धकाळात प्रतिकारालाही आसरा दिला. कॅनडाचे डॉक्टर नॉर्मन बेथ्यून यांनी सप्टेंबर १९३८ मध्ये वूतायमधील सोंगयेनखौ या खेड्यात आदर्श रुग्णालय उघडले. जपानी सैन्याने ते लवकरच जाळले. बेथ्यून यांचे कार्य पूर्वेस, शेजारच्या हपै प्रांतातील डोंगराळ थांग शिएनमध्ये चालू राहिले. १९३९ मध्ये त्यांचे तेथेच निधन झाले. त्यांच्या नावाच्या रुग्णालयाचे प्रमुखपद १९४१ मध्ये सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांनी स्वीकारले व डिसेंबर १९४२ मध्ये त्यांनीही त्याच भूमीत देह ठेवला.

वूताय पर्वत २००९ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत समाविष्ट झाला. या मान्यतेचे स्वागतच केले पाहिजे. परंतु हा तालुका दीर्घकाळ चीनच्या दरिद्री तालुक्यांच्या राष्ट्रीय यादीत होता, आणि २०२० पर्यंत ती यादी रिकामी झाल्याचे शासनाने जाहीर केले, हेही स्मरणात असावे. ज्यांच्या दारिद्र्यामुळे हा वारसा उरला, त्यांना तो दारिद्र्यात राहूनच जपावा लागावा, असे कोणी म्हणू शकणार नाही. नव्याने येणारे द्रव्य जुन्या तुळयांना व गावकऱ्यांच्या जीवनाला सारखाच न्याय देते काय, हीच यापुढील खरी कसोटी आहे. पंगतीत पोटातील बाळाचाही वाटा मागणारी ती भिकारीण वूतायच्या भूमीने आपली मानली. तिच्या मागणीचा अर्थ विहारांच्या भिंतींपुरता मर्यादित नाही, असे आम्हांस वाटते.