अप्रत्यक्ष उष्णतामापन, प्राण्यांतील

प्राण्याच्या शरीरातून बाहेर पडणारी उष्णता प्रत्यक्ष न मोजता, त्याने घेतलेला ऑक्सिजन व बाहेर टाकलेला कार्बन डाय-ऑक्साइड यांच्या मापनावरून ती काढण्याच्या पद्धतीस अप्रत्यक्ष उष्णतामापन म्हणतात. मिश्र आहारावरील प्राण्याने १ लिटर ऑक्सिजन वापरल्यास सु. ४·८ किलोकॅलरी उष्णता निर्माण होते. बाहेर टाकलेला कार्बन डाय-ऑक्साइड व घेतलेला ऑक्सिजन यांच्या घनफळांच्या गुणोत्तरास श्वसन गुणांक म्हणतात. कर्बोदकांच्या बाबतीत तो १, तर वसांच्या (स्निग्ध पदार्थांच्या) बाबतीत सु. ०·७ असतो, त्यावरून शरीर कोणते इंधन वापरीत आहे हे समजते.

इतिहास : या पद्धतीचे मूळ लव्हॉयझर व लाप्लास यांनी १७८२-८३ च्या हिवाळ्यात केलेल्या प्रयोगांत आहे. बर्फाने वेढलेल्या पात्रात गिनीपिग ठेवून, वितळलेल्या बर्फावरून त्यांनी त्याची उष्णता काढली व तिची तुलना त्याने सोडलेल्या कार्बन डाय-ऑक्साइडाशी केली. श्वसन हे मंद ज्वलन होय, हा निष्कर्ष त्यातून निघाला. रेनो व रेझे यांच्या बंदिस्त उपकरणात (१८४९) कार्बन डाय-ऑक्साइड अल्कलीत शोषला जाई व खर्ची पडलेला ऑक्सिजन भरून काढला जाई. पेटेनकोफर यांनी म्यूनिक येथे वाहत्या हवेचा कक्ष उभारला (१८६२), तर हॉल्डेन यांनी लहान प्राण्यांसाठी वायू शोषून त्यांचे वजन करण्याची सुटसुटीत पद्धत काढली (१८९२). प्रत्यक्ष व अप्रत्यक्ष मापने एक टक्क्याच्या आत जुळतात, हे रूबनर यांनी कुत्र्यावरील प्रयोगांनी दाखविले (१८९४) व पद्धतीची विश्वसनीयता सिद्ध झाली.

पशुपोषणातील उपयोग : मूलभूत चयापचय वजनाच्या सरळ प्रमाणात नसून वजनाच्या ०·७५ घाताच्या प्रमाणात असतो, असे क्लायबर यांच्या कार्यातून (१९३२) पुढे आले. त्यानुसार २५ ग्रॅ. वजनाचा उंदीर दर किग्रॅ. वजनामागे ४०० किग्रॅ. वजनाच्या बैलाच्या सु. अकरा पट उष्णता निर्माण करतो. म्हणून प्रयोगशाळेतील उंदरावरील आकडा केवळ वजनाच्या हिशेबाने बैलास लावता येत नाही. शिवाय रवंथ करणाऱ्या प्राण्यांत मिथेन तयार होतो. ब्रॉवर यांच्या सूत्रात (१९६५) त्याची व मूत्रातील नायट्रोजनाची वजावट केलेली आहे. जातिभेदही महत्त्वाचा आहे. अमेरिकेत मिसूरी येथील ब्रॉडी व त्यांच्या सहकाऱ्यांना भारतीय वंशाच्या ब्राह्मन गुरांची उष्णतानिर्मिती यूरोपीय गुरांपेक्षा कमी आढळली. वशिंड असलेल्या गुरांची निर्वाहापुरती ऊर्जेची गरज सु. १० टक्क्यांनी कमी धरली जाते.

परभणी जिल्ह्यासारख्या कोरडवाहू प्रदेशात या फरकाचा संबंध थेट वैरणीशी येतो. ज्वारीचा कडबा हे येथील मुख्य वैरण असून नांदेड, परभणी व लातूर या भागांत लाल कंधारी गोवंश आढळतो. १९७२ च्या दुष्काळी वर्षातच परभणी येथे कृषी विद्यापीठ व पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झाले. हे महाविद्यालय पुढे नागपूरच्या पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाकडे गेले. दुष्काळात निर्वाहाचा आकडा जास्त धरल्यास मोजकी वैरण थोड्याच जनावरांत संपते. कमी धरल्यास जनावर प्रथम अंगची चरबी व नंतर मांस जाळू लागते. जनावर हाडावर येण्यापूर्वीच ही झीज ०·७ कडे झुकणाऱ्या श्वसन गुणांकावरून ओळखता येते.