वाचून शिकणारा संगणक

‘वरई, राळा यांसारखी तृणधान्ये’ असे शब्द वाचले, की राळा कधीही न पाहिलेल्या मुलालाही ते एक धान्य आहे एवढे कळते. कळते ते ‘यांसारखी’ या शब्दामुळे. संगणकाला असे वाचता येईल का? या प्रश्नाचा इतिहास आपण थोडक्यात पाहू.

१९८४ साली अमेरिकेत डग्लस लेनाट यांनी ‘साइक’ हा प्रकल्प सुरू केला. व्यवहारज्ञानातील एकेक गोष्ट माणसांनी लिहून संगणकाला पुरवायची, अशी ही पद्धत. काम चिकाटीचे, पण न संपणारे. १९९२ मध्ये मार्टी हर्स्ट यांनी वेगळी वाट दाखवली. ‘यांसारखे’ या अर्थाचे इंग्रजी शब्दप्रयोग हुडकले, तर कोणती वस्तू कोणत्या प्रकारात मोडते हे संगणकाला मजकुरातूनच उचलता येते.

पण असे शब्दप्रयोग तरी किती सांगणार? १९९८ मध्ये सर्गेई ब्रिन यांनी संगणकाला फक्त पाच पुस्तके आणि त्यांचे लेखक सांगितले. या जोड्या वेबवर कुठे व कशा लिहिल्या आहेत हे संगणकाने पाहिले. त्यातून लिहिण्याचे तीन साचे मिळाले. त्या साच्यांनी चार हजारांवर नव्या जोड्या दिल्या, त्यांनी आणखी साचे दिले. शेवटी यादी १५,००० पुस्तकांच्या पुढे गेली.

या पद्धतीतच धोका दडलेला आहे. एक चुकीची जोडी शिरली, तर ती चुकीचा साचा शिकवते आणि तो साचा आणखी चुका गोळा करतो. जानेवारी २०१० मध्ये कार्नेगी मेलन विद्यापीठात टॉम मिचेल यांच्या गटाने ‘नेल’ हा अखंड वाचणारा कार्यक्रम सुरू केला, तेव्हा हे प्रत्यक्ष दिसले. संकेतस्थळे आपल्या संगणकात ज्या छोट्या नोंदी ठेवतात त्यांना ‘कुकी’ म्हणतात; बिस्किटांनाही इंग्रजीत तोच शब्द. नेलने या नोंदी बेकरीच्या पदार्थांत घातल्या. लोक कुकी ‘पुसतात’ आणि फाइलीही ‘पुसतात’. तेव्हा फाइलीही बेकरीतच गेल्या!

अशा चुकांना आवर घालण्यासाठी नेलमध्ये दोन उपाय होते. एक म्हणजे परस्पर तपासणी. जे शहर आहे ते माणूस असू शकत नाही. वाक्यांतून मिळालेली माहिती याद्या-तक्त्यांतल्या माहितीशी जुळली, तर तिच्यावरचा विश्वास वाढतो. दुसरा उपाय माणसाचा. पहिले सहा महिने यंत्र जवळजवळ एकटेच शिकले. जूनपासून माणसे प्रत्येक प्रकारावर काही मिनिटे नजर टाकून ढोबळ चुका दाखवू लागली. २०१८ पर्यंत नेलकडे सुमारे १२ कोटी विधाने जमली होती, आणि प्रत्येकापुढे तिच्या खात्रीचे प्रमाण नोंदलेले होते.

वर्गात हा इतिहास सांगताना विद्यार्थ्यांना एक प्रश्न जरूर विचारावा : एखादी गोष्ट दहा ठिकाणी वाचली, पण त्या दहांनी ती एकाच ठिकाणाहून घेतली असेल, तर आपल्याकडे पुरावे किती? दहा, की एक?