हेडर फाइली, परिचालन प्रणालीतील

परिचालन प्रणालीचा गाभा, म्हणजे कर्नेल, आणि त्यावर चालणाऱ्या आज्ञावल्या यांना समाईक असणाऱ्या व्याख्या ज्या फाइलींत लिहिलेल्या असतात, त्यांचा येथे विचार केला आहे. आज्ञावलीने फाइलीची माहिती मागितल्यास कर्नेल ती ठराविक साच्यात भरून देते. त्या साच्यात आकार, मालक व वेळ यांची स्थाने दोन्ही बाजूंनी एकच मानावी लागतात. अन्यथा आज्ञावली एका रकान्यातील आकडा दुसऱ्याचा समजून वाचते आणि चूक लक्षातही येत नाही.

बेल लॅबोरेटरीजमध्ये डेनिस रिची यांनी घडविलेल्या सी भाषेत १९७२-७३ च्या सुमारास एका फाइलीत दुसरी समाविष्ट करण्याची सोय झाली. १९७३ मध्ये युनिक्सचे कर्नेल याच भाषेत पुन्हा लिहिले गेले. त्यामुळे एकच व्याख्या दोन्हीकडे वापरणे शक्य झाले. १९७९ च्या सातव्या आवृत्तीत अशा फाइली ‘सिस’ या निर्देशिकेत होत्या. परंतु त्यांत कर्नेलचे खाजगी साचेही उघडे होते. चालू प्रक्रियांची यादी देणारी ‘पीएस’ ही आज्ञावली कर्नेलची स्मृती थेट वाचीत असे. साहजिकच खाजगी साचा बदलला, की तीही नव्याने संकलित करावी लागे. पुढे बर्कली युनिक्समध्ये खाजगी भागाभोवती अटी घालून तो सामान्य आज्ञावल्यांपासून झाकण्यात आला.

लिनक्सने (१९९१) हीच पद्धत उचलली. मात्र कर्नेलच्या मूळ फाइली थेट वापरल्याने नव्या कर्नेलबरोबर आज्ञावल्यांचे संकलन बिघडे. २००६ मध्ये २.६.१८ या आवृत्तीत वापरण्याजोग्या फाइली गाळून वेगळ्या काढण्याची सोय झाली. डेव्हिड हॉवेल्स यांनी केलेली पूर्ण विभागणी डिसेंबर २०१२ च्या ३.७ या आवृत्तीत आली. तीत सार्वजनिक व्याख्यांसाठी ‘यूएपीआय’ ही स्वतंत्र निर्देशिका ठेवली आहे.

या विभागणीमुळे कर्नेलकाराला काय बदलता येईल व काय नाही, हे स्थानावरूनच कळते. खाजगी साचा केव्हाही बदलावा. सार्वजनिक साचा मात्र एकदा प्रसिद्ध झाला, की जुन्या आज्ञावल्यांसाठी तसाच राखावा लागतो. वेळेसाठी राखलेली ३२ बिटांची चिन्हांकित संख्या १९ जानेवारी २०३८ रोजी अपुरी पडणार आहे. तरीही जुना साचा न मोडता, ३२ बिटांच्या संगणकांसाठी ६४ बिटांची वेळ घेणारे नवे सिस्टिम कॉल लिनक्स ५.१ (२०१९) मध्ये जोडण्यात आले.