मालदांडी ३५-१ : एकदाच चार्ज होणारी ज्वारी

सोलापूरकडचा माणूस पुण्यात ज्वारी घ्यायला गेला की दुकानदाराला पहिला प्रश्न विचारतो, "मालदांडी आहे का?" हे नाव सगळ्यांना माहीत असतं. पण त्याच्यापुढे एक नंबर आहे, ३५-१, आणि आजची गोष्ट त्या नंबरची आहे.

आधी रब्बी ज्वारी कशी जगते ते बघू. सप्टेंबरचा पाऊस काळ्या मातीत मुरतो, त्याच ओलीवर पेरणी होते आणि पुढे जवळजवळ चार महिने पाऊस नाही. म्हणजे फोन एकदाच फुल चार्ज करायचा आणि मग चार्जर विसरायचा. बॅटरी किती मोठी, हे मातीच्या खोलीवर ठरतं.

ही बॅटरी पुरवायची कशी, यावर सरकारी पातळीवर शिस्तीत काम सुरू झालं ते १९२३ मध्ये, पुण्याजवळच्या मांजरीला. पुढे १९३३ च्या सुमारास सोलापूर आणि विजापूरला कोरडवाहू शेतीची संशोधन केंद्रं उभी राहिली. एन. व्ही. कानिटकर हे त्या कामातलं मोठं नाव. त्यातून जी पद्धत तयार झाली तिला 'मुंबई कोरडवाहू पद्धत' म्हणतात. शेताला बांध घाला, शेणखत द्या, बी विरळ पेरा आणि कोळपणी पुन्हा पुन्हा करा, असा तिचा सगळा सारांश. कोळपणीने नुसतं तण जात नाही. काळी माती वाळली की भेगाळते आणि त्या भेगांतून ओल उडून जाते. कोळप्याने वरची माती भुसभुशीत झाली की भेगा बुजतात. 'एक कोळपणी, अर्धं पाणी' असं शेतकरी उगाच म्हणत नाहीत.

पण गंमत बघा. कोळपणी एकट्याने करता येते, बांध नाही. समपातळीवरचा बांध उताराच्या हिशेबाने जातो, तो काही सातबारा बघत नाही. दोन-चार एकरवाल्याचा बांध शेजाऱ्याच्या रानातून जाणार, मग शेजारी तयार हवा. शेवटी १९४२ मध्ये मुंबई प्रांताला जमीन सुधारणेसाठी कायदा करावा लागला. शेणखताचंही तेच. दुष्काळात जनावरं विकलेल्या माणसाने खत आणायचं कुठून?

बियाण्याने मात्र बाजी मारली. १९३० च्या दशकात सोलापूर जिल्ह्यातल्या मोहोळच्या केंद्रावर शास्त्रज्ञांनी नवीन काही बनवलं नाही. शेतकरी आधीपासून लावत होते त्या मालदांडीतूनच चांगली ताटं निवडली, वाढवली आणि तपासली. त्यातून निघाली ३५-१. खोडमाशीला बऱ्यापैकी दाद न देणारी, भाकरीला गोड, आणि कडबा असा की बैलही खूश. शिवाय बी घरचंच राखता येतं, दर वर्षी दुकानात जायला नको.

ही शेवटची गोष्ट फार मोठी आहे असं मला वाटतं. १९६४ मध्ये ज्वारीचं पहिलं हायब्रीड, सीएसएच-१, आलं. खरिपात हायब्रीडने उत्पादन खरंच वाढवलं, ते नाकारायचं कारण नाही. पण रब्बीत हायब्रीड मालदांडीला हटवू शकली नाहीत. आणि १९७२ चा दुष्काळ? घरातल्या आजी-आजोबांना 'मिलो' हा शब्द विचारून बघा. अमेरिकेतून आलेली ती लाल ज्वारी रेशनवर मिळायची. चेहरा बघा त्यांचा.

पुढे राहुरीच्या कृषी विद्यापीठाने आणखी एक शहाणपणाचं काम केलं. सगळ्यांना एकच वाण देण्याऐवजी जमिनीप्रमाणे वाण दिले. हलक्या रानाला फुले अनुराधा, मध्यमला फुले सुचित्रा, भारीला फुले वसुधा. ज्याची जशी बॅटरी, तसा फोन. छोट्या शेतकऱ्याकडे बहुतेक वेळा हलकं रानच असतं, म्हणून अनुराधासारखं वाण त्याच्या जास्त कामाचं.

आता अडचण वेगळीच आहे. हे सगळं शंभर वर्षांचं काम पाणी कमी पडेल या हिशेबावर उभं आहे. ऑक्टोबर २०१८ मध्ये राज्याने १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला, त्यात सोलापूर जिल्ह्यातलेही होते. तिथे हा हिशेब लागू पडतो. पण दोनच वर्षांनी, १४ ऑक्टोबर २०२० ला, त्याच जिल्ह्यात पावसाने कहर केला. रानात पाणी साचलं की वाफसा येत नाही, आणि वाफसा नसेल तर पाभर चालत नाही. पेरणी लांबली की दाणा भरायच्या वेळी ऊन तापायला लागतं आणि ओलही संपत आलेली असते.

रब्बी ज्वारीच्या पेरणीची शिफारस आहे १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबर. म्हणजे त्या वर्षी पाऊस पडला तेव्हा मुदतीचा एकच दिवस उरला होता, आणि ज्यांची पेरणी राहिली होती ते बांधावर उभं राहून वाफशाची वाट बघत होते.