घूस कंपाउंड पोखरतेय? विषाची पुडी आणण्याआधी हे वाचा

सकाळी दार उघडावं तर कंपाउंडच्या भिंतीला लागून ताज्या मातीचा ढीग. काल सपाट असलेल्या पेव्हर ब्लॉकपैकी दोन खचलेले. तुळशीच्या कुंडीशेजारी मूठ सहज आत जाईल एवढं भोक. मुंबईतली जुनी चाळ असो, पुण्यातली सोसायटी असो की गावाकडचं बैठं घर, बघणाऱ्याच्या तोंडून एकच शब्द निघतो : घूस.

दुपारपर्यंत कुणीतरी दुकानातून विष घेऊन येतं आणि खरा घोळ तिथून सुरू होतो.

आधी हे समजून घ्यायला हवं की घूस म्हणजे खाऊन-पिऊन माजलेला उंदीर नव्हे. ती वेगळीच जात आहे. शास्त्रीय नाव बँडिकोटा इंडिका. यातला 'बँडिकूट' हा शब्द तेलुगूतल्या 'पंदिकोक्कू'वरून आला, अर्थ डुक्कर-उंदीर. कोंडीत सापडली की अंगावरचे केस फुलवून ती डुकरासारखी गुरगुरते, त्यामुळे नाव अगदी चपखल आहे. पूर्ण वाढलेल्या घुशीचं वजन अर्धा ते एक किलो भरतं. घरातली मांजर तिच्या वाटेला जात नाही ती उगाच नाही. हिची एक धाकटी बहीणही आहे, बँडिकोटा बेंगालेन्सिस. ती शेतात आणि गोदामांत जास्त दिसते आणि बिळात धान्याचा साठा करून ठेवते. बोलताना लोक दोघींनाही घूसच म्हणतात. (हिंदी बातमीतली 'घूस' म्हणजे लाच. तीही पोखरण्याचंच काम करते, पण तो विषय वेगळा.)

घुशीला पत्र्यावर, पाइपवर चढणं फारसं जमत नाही. तिचं बळ सगळं खोदण्यात आणि पोहण्यात. म्हणून ती गटार, सेप्टिक टँक, भिंतीचा पाया आणि कचराकुंडी यांच्या आसपास राहते. एका बिळाला बरीच तोंडं असतात आणि आत बोगद्यांचं जाळं असतं. वर एक भोक दिसतं तेव्हा खालची कितीतरी माती आधीच हललेली असते. पावसाळ्यात त्या पोकळीत पाणी शिरतं, माती बसते आणि मग फरशी खचते, कंपाउंडला तडा जातो, ड्रेनेजचा पाइप सांध्यातून सुटतो. बीळ बुडालं की घूस उंचावर, म्हणजे घराकडे सरकते.

दुसरा धोका आजाराचा. घुशी आणि उंदरांच्या लघवीतून लेप्टोस्पायरोसिसचे जिवाणू पाण्यात मिसळतात आणि पायावरच्या एखाद्या जखमेतून माणसाच्या शरीरात शिरतात. २६ जुलै २००५ च्या महापुरानंतर मुंबईत या आजाराची मोठी साथ आली होती. तुंबलेल्या पाण्यातून चालत गेलेल्यांनी डॉक्टरांच्या सल्ल्याने प्रतिबंधक गोळ्या घ्याव्यात, असं आवाहन महापालिका पावसाळ्यात करते ते यामुळेच.

बीळ नक्की कुणाचं?

अंगणातलं प्रत्येक भोक घुशीचं नसतं. लांब सोंडेची, कुबट वासाची, भिंतीच्या कडेने चूंचूं करत पळणारी चिचुंद्री उंदीरवर्गातली नाहीच. ती झुरळं-किडे खाते, तिच्यामुळे पाया खचत नाही. कोकणात पाणथळ जागेतलं गोल भोक आणि तोंडाशी ओल्या चिखलाच्या गोळ्या दिसल्या तर मालक बहुधा खेकडा. घुशीच्या बिळाशी मात्र सुट्या मातीचा मोठा ढीग असतो आणि तो रात्रीतून वाढतो.

आयत्या बिळात नागोबा ही म्हण तर शब्दशः खरी आहे. साप स्वतः बीळ खोदत नाहीत, घुशीचं रिकामं बीळ त्यांना आयतं मिळतं. त्यामुळे बिळात हात घालणं, काठी खुपसणं हे प्रकार पूर्ण बंद. साप, घोरपड आणि मुंगूस यांना वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे. त्यांच्यापैकी कुणी आत असल्याची शंका आली तर सर्पमित्राला किंवा वनविभागाला फोन करावा.

बीळ वापरात आहे का हे ओळखायची शेतकऱ्यांची पद्धत सोपी आहे. संध्याकाळी सगळी तोंडं मातीने हलकेच बुजवायची. सकाळी जी उघडलेली दिसतील ती जिवंत बिळं. लक्ष तेवढ्यांवरच द्यायचं.

विषाचं काय?

बाजारात ट्यूबमध्ये मिळणाऱ्या पिवळ्या फॉस्फरसच्या पेस्टवर उतारा नाही. ती पोटात गेलेला माणूस सुरुवातीला एखाद-दोन दिवस बरा वाटू शकतो आणि नंतर त्याचं यकृत निकामी होऊ लागतं. काळ्या पुडीतल्या झिंक फॉस्फाइडचा पोटातल्या आम्लाशी संयोग होऊन फॉस्फिन हा विषारी वायू तयार होतो. त्यावरही उतारा नाही. धान्यात ठेवायच्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्यांतून हवेतल्या ओलाव्यानेच तो वायू सुटतो. घराला लागून असलेल्या बिळात अशी गोळी टाकली तर वायू फटीतून, पाइपाच्या कडेने खोलीत येऊ शकतो. म्हणूनच या गोळ्या सामान्य माणसाने वापरायच्या नाहीत, फक्त परवानाधारकाने वापरायच्या, असा नियम आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये चेन्नईजवळ कुंद्रातूर इथे उंदरांसाठी घरात ठेवलेल्या विषामुळे एकाच घरातली दोन लहान मुलं दगावली. कुटुंब रात्री एसी लावून झोपलं होतं.

त्यातल्या त्यात बरी म्हणजे रक्त पातळ करणारी ब्रोमॅडिओलोनची वडी. ती खाल्लेली घूस काही दिवसांनी मरते आणि माणसाच्या किंवा कुत्र्याच्या पोटात चुकून गेली तर व्हिटॅमिन के हा उतारा आहे. पण तीही कुलूपबंद डबीतच ठेवायची. शिवाय मेलेली घूस घुबडाने किंवा कुत्र्याने खाल्ली तर विष पुढे जातं, आणि गव्हाणी घुबड हा घुशींचा पक्का शिकारी आहे. कुणी विष खाल्ल्याचा नुसता संशय आला तरी त्रास सुरू होण्याची वाट न पाहता, विषाचं पाकीट बरोबर घेऊन दवाखाना गाठायचा.

डांबरगोळ्या, मिरचीपूड, फिनेल हे फॉरवर्डमधले उपाय एखादी रात्र काम करतात, मग घूस शेजारी दुसरं तोंड काढते. प्लगला लावायच्या 'अल्ट्रासॉनिक' यंत्रांबद्दल तर अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २००१ मध्येच साठहून जास्त उत्पादक-विक्रेत्यांना दाव्यांचा पुरावा द्या असं बजावलं होतं. बिळात पाइप लावून पाणी सोडणं सगळ्यात वाईट, कारण घुशीला पोहता येतं आणि पायाखालची माती मात्र वाहून जाते.

मग करायचं काय?

घूस येते ती खाण्यासाठी. ओला कचरा झाकणाच्या डब्यात गेला, कुत्र्या-मांजरांचं उरलेलं अन्न रात्री उचललं, कबुतरांचे दाणे बंद झाले आणि गळका नळ दुरुस्त झाला की निम्मं काम होतं. हे एकट्याने करून उपयोग नाही. तळमजल्यावरच्या काकूंनी अंगण लख्ख ठेवलं आणि चौथ्या मजल्यावरून खिडकीतून पोळ्या पडत राहिल्या तर घूस काकूंच्याच भिंतीखाली राहणार. सोसायटीच्या सभेत पार्किंगवर दोन तास भांडण होतं, त्यातली दहा मिनिटं याला द्यावीत.

मग पिंजरा. उंदराचा छोटा सापळा घूस उलथून टाकते, मोठा आणि जड पिंजरा लागतो. नव्या वस्तूला ती बिचकते, म्हणून पहिल्या दोन-तीन रात्री दार उघडं बांधून आत सुकं खोबरं किंवा भजी नुसतीच ठेवायची. चटावली की चौथ्या रात्री सापळा लावायचा. पिंजरा भिंतीला चिकटून, तिच्या येण्याजाण्याच्या वाटेवर हवा. हातमोजे न घालता तो उचलू नये. मुंबई महापालिकेच्या कीटकनाशक विभागाकडे रात्रपाळीत उंदीर मारणारे कामगारही आहेत. इतर शहरांतही तक्रार पालिकेच्या आरोग्य विभागात द्यावी.

बीळ बुजवायचं ते सगळ्यात शेवटी. आत घूस असताना सिमेंट ओतलं तर ती बाजूने नवा बोगदा काढते, नाहीतर आतच मरते आणि पंधरा दिवस घरात बसवत नाही. सलग तीन-चार सकाळी तोंडं बंदच दिसली, की विटांचे तुकडे आणि खडी ठोकून भरायची आणि वर काँक्रीट. भिंतीच्या कडेने दोन फूट खोल चर खणून गॅल्व्हनाइज्ड जाळी उभी पुरायची आणि तळाशी ती फूटभर बाहेरच्या बाजूला वळवायची. घूस भिंतीलगत खाली खणत जाते आणि त्या वळलेल्या जाळीवर अडते. ड्रेनेजच्या चेंबरची फुटकी झाकणं त्याच वेळी बदलावीत आणि हे सगळं मे महिन्यात उरकावं, कारण पावसाळी चिखलात खणलेला चर टिकत नाही.